प्रार्थना नेमकी कुणाकडे करायची: पिता, पुत्र की पवित्र आत्मा?

पेटीवाला
सगळ्यांना सलाम.

आमच्या कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळीत घरोघरी प्रार्थनासभा होतात. सतरंजी अंथरलेली असते, बायकांच्या डोक्यावर पदर असतो, पेटीवर दोन गीतं झाली की कुणीतरी प्रार्थनेला उभं राहतं. सुरुवात होते ‘हे आमच्या दयाळू स्वर्गीय बापा’ अशी. मग आजाऱ्यांची नावं येतात, पोरांच्या परीक्षा येतात, कुणाची कोर्टातली तारीख येते. आणि ओघात एक वाक्य हमखास येतं, ‘तू आमच्यासाठी क्रूसावर प्राण दिलास’. शेवटी ‘येशूच्या नावाने मागतो, आमेन’.

आता क्रूसावर प्राण दिला तो पुत्राने, पित्याने नव्हे. प्रार्थना करणाऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं. तरी जीभ तिकडं जाते. दृढीकरणाच्या (मंडळीचे पूर्ण सभासद होण्याआधीच्या) वर्गातली मुलं हे बरोबर टिपतात आणि मला विचारतात की आपण बोलतोय नक्की कुणाशी? तिघांशी आळीपाळीने? की तिघांपैकी कुणाचंही नाव घेतलं तरी चालतं?

‘हे गूढ आहे, मोठे झालात की कळेल’ असं सांगून मला त्यांना गप्प बसवायचं नाही. त्रैक्याची शिकवण, म्हणजे देव एकच पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, ही मतांगीकारात (उपासनेत म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत) म्हणून टाकायची ओळ नाही, रोजच्या प्रार्थनेचा कणा तीच आहे, असं माझं ठाम मत आहे. तुमचे अनुभव आणि मतं लिहा. विरोधी मतंही येऊ द्यात. दुसऱ्या धर्मातल्या मंडळींनीही मोकळेपणाने लिहावं.

रंकाळाकाठ
देवाला पत्ता चुकत नाही हो. मनापासून बोलावं.

दत्तदास_शिरोळ
पेटीवाले, नमस्कार. मी ख्रिस्ती नाही. नरसोबाच्या वाडीला दर पौर्णिमेला जातो. आमच्या दत्तगुरूंमध्ये ब्रह्मा, विष्णू, महेश तिघे एकवटलेत. तीन शिरं, सहा हात, देव एकच. तुमचंही असंच काही आहे असं मी आजवर धरून चाललोय. मग अडचण कुठं आहे?

जुनी_पोथी
दत्तदासजी, प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून सविस्तर लिहितो. वरवर बघता साम्य आहे. पण त्रिमूर्तीत कामांची वाटणी आहे: एक घडवणारा, एक सांभाळणारा, एक लय करणारा. ख्रिस्ती शिकवणीत अशी वाटणी नाही. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात सांगते की सगळं पुत्राच्या द्वारे झालं, आणि उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देवाचा आत्मा जलांवर आहे. म्हणजे निर्मितीच तिघांची. बिशप ऑगस्टीनने पाचव्या शतकात हे नीट मांडलं: जगाच्या बाबतीत तिघांचं काम अविभक्त असतं, वेगळेपण आहे ते त्यांच्या आपसातल्या नात्यात. पिता जन्म देणारा, पुत्र जन्मलेला, आत्मा निघणारा.

दुसरा फरक असा की ही शिकवण ज्यांच्यातून आली ते सगळे कट्टर एकेश्वरवादी यहुदी होते. ‘हे इस्राएला, श्रवण कर, परमेश्वर एकच आहे’ या अर्थाचं वचन ते रोज म्हणत. अनेक देव मानणाऱ्यांनी तिघांना एकत्र आणलं असं इथं झालं नाही. एकच देव मानणाऱ्यांनी येशूपुढं गुडघे टेकले, आणि मग आपण हे काय करून बसलो, हे समजून घ्यायला त्यांना तीनशे वर्षं लागली.

दत्तदास_शिरोळ
समजलं. फक्त एक सांगतो, वाडीला पादुकांवर डोकं ठेवताना मला तीन देव आठवत नाहीत. एक गुरूच असतो समोर. हिशेब मागाहून.

पेटीवाला
दत्तदासजी, ‘हिशेब मागाहून’ हे मला फार पटलं. मंडळीच्या इतिहासातही तेच घडलंय. जुनी_पोथी, त्यावर लिहा ना.

शून्यमत
मी घरातून ख्रिस्ती, मनाने आता नाही. स्पष्ट लिहितो.

एक, त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये कुठंही नाही. दोन, ज्या वचनाचा आधार पूर्वी दिला जाई (योहानाचं पहिलं पत्र, पाचवा अध्याय, ‘स्वर्गात साक्ष देणारे तिघे’), ते जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. ग्रीक नवा करार छापणारा पंडित इरॅस्मस याने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांतून ते गाळलं होतं, १५२२ मध्ये ओरड झाल्यावर घातलं. आयझॅक न्यूटनने याच वचनावर मोठा निबंध लिहिला, आणि तो त्याच्या मृत्यूनंतर १७५४ साली छापला गेला. तीन, ही शिकवण ३२५ साली निकेयातल्या बिशपांच्या सभेत रोमी सम्राट कॉन्स्टंटाईनच्या छत्राखाली ठरली. म्हणजे राजाच्या दरबारात देव ठरला. मग मुलांना हे सगळं कशाला शिकवायचं? रंकाळाकाठ म्हणतात तेच बरं.

जळती_मशाल
शून्यमत भाऊ, मत्तय २८:१९ वाचा. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्या, असं स्वतः प्रभू सांगतोय. तिथं कुठला सम्राट होता? येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीत पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, आणि पित्याची वाणी होतेय. तिघं एकाच वेळी हजर!

जुनी_पोथी
शून्यमत यांच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. ते वाक्य मागाहून आलेलं आहे आणि त्यावर काहीही उभारू नये. पण निकेयातल्या आणि नंतर कॉन्स्टँटिनोपलच्या सभेतल्या वादात त्या वाक्यावर कुणी उभंच नव्हतं. त्याशिवायच सगळं भांडण झालं.

तिसऱ्या मुद्द्याबद्दल मात्र वेगळं सांगायचंय. इ. स. ११२ च्या आसपास प्लिनी नावाचा रोमी सुभेदार बिथुनिया प्रांतात होता. त्याने सम्राट ट्राजानला पत्र लिहून विचारलं की या ख्रिस्ती लोकांचं काय करू? त्यात तो त्यांचा गुन्हा काय ते सांगतो: ठरलेल्या दिवशी पहाट व्हायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र आळीपाळीने गातात. हे पत्र लिहिणारा ख्रिस्ती नाही, उलट त्यांना शिक्षा करणारा आहे. आणि निकेया हे शहर त्याच बिथुनियात येतं. म्हणजे जिथं दोनशे वर्षांनी बिशप बसून वाद घालणार होते, त्याच मुलखात साधी माणसं अंधारात उठून येशूची प्रार्थना करत होती. तेव्हा ख्रिस्ती असणं हेच जिवावर बेतणारं होतं.

निकेयातला वादही नीट बघा. एरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता की पुत्र हा देवाची सर्वांत थोर निर्मिती आहे, पण निर्मितीच. ‘तो नव्हता असा काळ होता’. त्यावर त्याचा मुख्य विरोधक बिशप अथनासियस याचं उत्तर प्रार्थनेतूनच आलं. तो म्हणाला, आपण पुत्राची उपासना करतो आणि त्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो. तो निर्मिती असेल तर आपण सगळे मूर्तिपूजक ठरलो. एक तर प्रार्थना थांबवा, नाही तर तो खरा देव आहे हे कबूल करा.

आणि दरबाराचं म्हणाल तर निकेयानंतर कॉन्स्टंटाईनचाच मुलगा एरियसच्या बाजूच्या लोकांना धरून राहिला आणि अथनासियसला पुन्हा पुन्हा हद्दपारी भोगावी लागली. राजाची मर्जी चालली असती तर आज मतांगीकार वेगळाच असता.

शून्यमत
प्लिनीचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण देव मानून गाणं वेगळं आणि ‘एक तत्त्व, तीन व्यक्ती’ हा डोलारा वेगळा. त्या डोलाऱ्याची गरज मला अजून पटलेली नाही.

भावा_ऐक
आयला, कोल्हापूरच्या धाग्यावर एवढ्या पोस्टी झाल्या आणि अजून कुणी रस्सा, कुस्ती, पंचगंगेचा पूर काढला नाही. भावांनो, जिंकलासा! चालू द्या, मी पहिल्यापास्नं वाचतोय.

अत्तरदाणी
अस्सलाम आलेकुम, पेटीवाले. आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब आहे, नाताळच्या करंज्या आणि ईदचा शिरखुर्मा यांची देवाणघेवाण वडिलांच्या काळापासून आहे, त्यामुळं हक्काने विचारते. आमच्यात दुआ थेट अल्लाहकडं. मध्ये कुणी नाही. कुराणात ईसा अलैहिस्सलाम यांचा मोठा आदर आहे, पण ‘तीन म्हणू नका’ असंही स्पष्ट आहे. माझा प्रश्न एवढाच की पकडले जाण्याआधी गेथशेमाने बागेत ईसा, म्हणजे तुमचे येशू, स्वतः जमिनीवर पालथे पडून प्रार्थना करत होते असं तुमच्याच इंजीलमध्ये आहे. ते देव असतील तर ते कुणाची प्रार्थना करत होते? स्वतःची?

जळती_मशाल
ताई, मानव म्हणून करत होते.

पेटीवाला
मशाल यांचं उत्तर बरोबर आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर अर्धं राहतं. अत्तरदाणी, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मी मानतो.

पिता आणि पुत्र ही एकाच व्यक्तीची दोन रूपं असती, तर गेथशेमाने हे नाटक ठरलं असतं. रक्ताच्या थेंबांसारखा घाम येईतो चाललेलं नाटक! तसं आम्ही मानत नाही. तिथं पुत्र खरोखर पित्याशी बोलतोय. ‘अब्बा, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ आणि योहान १७ मध्ये तोच पुत्र म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. म्हणजे हे बोलणं, ही प्रीती, बागेत सुरू झाली नाही. देवामध्ये ती कायमचीच आहे. पुत्र माणूस झाला तेव्हा तेच बोलणं आमच्या जमिनीवर, आमच्या भाषेत, आमच्या भीतीसकट ऐकू आलं.

आता प्रेषित पौल रोमकरांस पत्रात काय लिहितो ते बघा: आत्मा मिळाला म्हणून आपणही ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो. शब्द तोच. येशूचा स्वतःचा शब्द आमच्या तोंडी दिला जातो. म्हणून मी म्हणतो की प्रार्थना आम्ही सुरू करत नाही. ती पिता आणि पुत्र यांच्यात आधीच चाललेली असते, पवित्र आत्मा आम्हाला त्यात ओढून घेतो. ‘मध्ये कुणी नाही’ हे तुमचं म्हणणं मला समजतं. पण आमच्या दृष्टीने पुत्र हा मध्ये बसलेला मध्यस्थ कारकून नाही, तो स्वतः देव आहे, म्हणून त्याच्या द्वारे जाणं हेच थेट जाणं.

शून्यमत, डोलाऱ्याची गरज इथं आहे. तीन वेगळे देव म्हटले तर एकेश्वरवाद गेला, तीन मुखवटे म्हटले तर गेथशेमाने गेलं.

अत्तरदाणी
मला पटलं नाही, पण पहिल्यांदाच नीट कळलं की तुम्ही काय म्हणता. शुक्रिया. एक शंका: या तिघांत मरियम आहेत का? लहानपणी कुणीतरी तसं सांगितलं होतं.

आजरेकर
नाही हो ताई. मी कॅथलिक आहे, आम्ही मरियेला ‘आमच्यासाठी विनंती कर’ असं म्हणतो, जसं शेजारणीला म्हणावं की माझ्यासाठी प्रार्थना कर. ती देव नाही, त्रैक्यात नाही.

मूळ प्रश्नावर आमच्या मिस्साविधीतलं, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या उपासनेतलं, उत्तर सांगतो. वेदीवरची मोठी प्रार्थना सगळी पित्याला उद्देशून असते. चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतल्या बिशपांनी तसा नियमच केला होता. शेवटी धर्मगुरू कटोरा आणि भाकर उंच धरून म्हणतात की ख्रिस्ताच्या द्वारे, ख्रिस्तासह, ख्रिस्ताच्या ठायी, पवित्र आत्म्याच्या ऐक्यात सर्व गौरव पित्याला असो. लोक ‘आमेन’ म्हणतात. दिशा स्पष्ट आहे: पित्याकडे, पुत्राद्वारे, आत्म्यात. म्हणून घरच्या प्रार्थनेत जीभ घसरू नये याचा उपाय मला तरी ठरलेल्या प्रार्थना पाठ करणं हाच दिसतो.

जळती_मशाल
इथं मी असहमत. पाठांतराने शुद्ध बोलाल, पण आत्म्याला जागा कुठं? आमच्या सभेत आम्ही ‘पवित्र आत्म्या, ये’ असं थेट म्हणतो आणि सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करतात. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याने दगड अंगावर पडताना ‘हे प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर’ असंच म्हटलं ना? त्याने आधी पित्याचं नाव घेतलं होतं का?

जुनी_पोथी
दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि हा वाद सोळाशे वर्षांपूर्वीचा आहे. कैसरियाचा बिशप बासिल उपासनेत दोन्ही पद्धतींनी गौरवगान म्हणायचा. कधी ‘पित्याला, पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्यात’, तर कधी ‘पित्याला, पुत्रासह, पवित्र आत्म्यासह’. लोकांनी आक्षेप घेतला की आत्म्याला पित्याच्या बरोबरीने कसं बसवता? त्यावर त्याने इ. स. ३७५ च्या सुमारास एक ग्रंथच लिहिला. त्याचं म्हणणं असं की पहिली पद्धत आपल्याला देवाची कृपा कशी पोचते ते सांगते, दुसरी देव स्वतः कोण आहे ते सांगते. दोन्ही हव्यात.

त्यात त्याने दिलेला एक पुरावा मला फार आवडतो. दिवेलागणीला घराघरांत म्हणायचं एक जुनं गीत होतं, रचणारा कोण हे त्याच्याही काळात कुणाला सांगता येत नव्हतं. त्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तिघांची एकत्र स्तुती आहे. बासिल म्हणतो, आपल्या वाडवडिलांना हे गाताना कधी पाप वाटलं नाही. बिशपांच्या सभेचा ठराव बाजूला ठेवून हा माणूस संध्याकाळच्या दिव्याजवळची प्रार्थना पुराव्याला काढतो. त्यानंतर काही वर्षांनी, ३८१ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलच्या सभेत आत्म्याबद्दलचं वाक्य मतांगीकारात आलं.

सुलभामावशी
मी मिरजेच्या दवाखान्यात परिचारिका होते, आता कोल्हापुरात लेकाकडं असते. मला बिशपांची नावं फारशी येत नाहीत, पण एक लिहायचंय.

माझ्या आईला शेवटी अर्धांग झालं. वाचा गेली. आयुष्यभर मंडळीतल्या बायकांना प्रार्थना शिकवणारी बाई, आणि तोंडातून नुसतं ‘अं… अं…’ निघायचं. डावा हात माझ्या मनगटावर घट्ट. तिला प्रार्थना करायचीय हे दिसायचं आणि शब्द यायचा नाही, मग ती रडायची. तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी खाटेशी बसून रोमकरांस आठवा अध्याय वाचला. ‘प्रार्थना कशासाठी केली पाहिजे हे आपल्याला ठाऊक नसते, पण आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो.’ ते तिला म्हणाले, बाई, तुमचं कण्हणं वाया जात नाही, आत्माच तुमच्यात प्रार्थना करतोय. ती शांत झाली. त्यानंतर ‘अं’ म्हणताना रडली नाही.

त्रैक्य खोटं असतं तर त्या दिवशी माझ्या आईची प्रार्थना बंद पडली होती. माझ्या लेखी एवढा पुरावा पुरे.

भावा_ऐक
मावशी, सलाम तुम्हाला.

रंकाळाकाठ
मावशी, पहिल्या पोस्टीत मी ‘मनापासून बोलावं’ लिहिलं. बोलताच येत नाही तेव्हाचं तुम्ही सांगितलंत.

शून्यमत
मावशी, तुमच्या अनुभवावर वाद घालायची माझी इच्छा नाही. आदर आहे.

जुनी_पोथी
शून्यमत, तुमचे प्रश्न कमी लेखू नका. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्या मठातल्या भगिनींशी पत्रांतून त्रैक्यावर कडाडून वाद घातला. कुणाच्या सांगण्यावरून त्या ‘हो’ म्हणायला तयार नव्हत्या. त्याच रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती आश्रमात १९०५ साली शेकडो मुली-बायका पवित्र आत्म्यासाठी तासन्‌तास प्रार्थना करत होत्या. प्रश्न विचारणारीच बाई तिथवर पोचली.

आपल्या देशात हे नव्याने मांडायचे प्रयत्नही झाले. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी १८८२ च्या व्याख्यानात त्रैक्याचा संबंध सत्‌-चित्‌-आनंदाशी जोडला, आणि बंगाली कॅथलिक ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मध्ये त्यावर संस्कृत स्तोत्र रचलं. ते आजही गायलं जातं.

आजरेकर
सच्चिदानंदाचं स्तोत्र आम्ही गायलंय. चाल सुंदर आहे. पण सत्‌-चित्‌-आनंद ही एकाच तत्त्वाची लक्षणं वाटतात, गेथशेमानेतलं ते ‘मी’ आणि ‘तू’ त्यात सापडत नाही.

जळती_मशाल
कोल्हापूरचा विषय निघालाय तर एक सांगतो. १८५२ मध्ये इथं आलेले मिशनरी रॉयल वाइल्डर, ज्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च आहे, त्यांचा मुलगा रॉबर्ट इथंच कोल्हापुरात १८६३ साली जन्मला. पुढं अमेरिकेत तो आणि त्याची बहीण ग्रेस मिशनकार्याला विद्यार्थी मिळावेत म्हणून प्रार्थना करत राहिले आणि १८८६ च्या माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थी त्या कार्यासाठी पुढे आले. कोल्हापूरच्या मातीतली प्रार्थना!

भावा_ऐक
जगात भारी!

मंडळीतला_नवीन
पाणी, बर्फ, वाफ हे उदाहरण देऊन टाका की मुलांना. आम्हाला तेच शिकवलं होतं, पटकन कळतं.

पेटीवाला
नवीन, ते मी मुद्दाम टाळतो. तेच पाणी आधी बर्फ होतं, मग वाफ होते. एका वेळी एकच. यार्देनेत मात्र तिघे एकाच वेळी आहेत. त्या उदाहरणाने मुलांना नेमकी तीच समजूत शिकवली जाते जी मंडळीने तिसऱ्या शतकात नाकारली, म्हणजे एकच देव वेळेनुसार रूप पालटतो. आणि मग ‘बापा, तू क्रूसावर प्राण दिलास’ हे वाक्य चुकीचं राहतच नाही!

मी वर्गात उदाहरणाऐवजी प्रार्थनाच समोर ठेवणार आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या शेवटचं आशीर्वचन दर रविवारी त्यांच्या कानावर पडतं: प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती, पवित्र आत्म्याची सहभागिता. प्रत्येकाने त्या तीन शब्दांवरून तीन वाक्यांची स्वतःची प्रार्थना लिहायची. कृपेबद्दल पुत्राचे आभार, प्रीतीबद्दल पित्याचे, आणि आत्म्याकडे मागणं. लिहून झालं की एकमेकांना वाचून दाखवायची आणि कुठलं वाक्य कुणाला उद्देशून आहे ते दुसऱ्याने सांगायचं.

आजरेकर
हे चांगलं आहे. आमच्या फादरना सुचवतो.

सुलभामावशी
पण मोठ्यांना मध्येच थांबवून दुरुस्त करू नका हं. उभं राहून प्रार्थना करायला आधीच घाबरतात बायका. एकदा टोकलं की परत उठत नाहीत.

पेटीवाला
मावशी, अजिबात टोकणार नाही. सभेत नाहीच.

मंडळीतला_नवीन
बरं, मग जोडून एक विचारतो. माझ्या चुलतभावाचा बाप्तिस्मा एका मंडळीत फक्त ‘येशूच्या नावाने’ झालाय, प्रेषितांची कृत्ये २:३८ धरून. आता त्याचं लग्न आमच्या मंडळीत ठरतंय आणि इथं म्हणतात की तिघांच्या नावाने पुन्हा घ्या. त्याला ते अपमानाचं वाटतंय. काय करावं?

जुनी_पोथी
नवीन, हा प्रश्न मोठा आहे आणि एका घराच्या लग्नाशी बांधलेला आहे. याचा वेगळा धागा काढा, मी आणि आजरेकर तिथं येतो. तोवर भावाला एकट्याला पाळकांकडं पाठवू नका, तुम्ही सोबत जा.